लॉग आऊट करू नये

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या संगणक खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. 'लॉग आऊट करू नये. हुकमावरून.' कोणाच्या हुकमावरून ते लिहिलेलं नव्हतं, आणि हुकूम देणाऱ्याला लॉग आऊट म्हणजे काय असं विचारलं असतं तर त्यानं खिडकीबाहेर पाहिलं असतं. मी इथं भौतिकशास्त्र शिकवते. दिग्रसला येऊन माझा अर्धा जन्म गेला, आणि या इमारतीत अक्कल गहाण ठेवल्याचे नमुने मी पुष्कळ पाहिले. पण बिघाड झाला म्हणून तो दुरुस्त न करता त्याच्या दारावर सूचना डकवायची, हा नमुना त्यातही उठून दिसत होता.

बिघाड असा. संगणक चालू केला की बिनतक्रार चालू व्हायचा आणि सरळ कामाला लागायचा. पण लॉग आऊट केलं, म्हणजे एकानं आपलं काम आटोपून दुसऱ्याला जागा करून दिली, की पडदा काळा. कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत राहायची. पुढचं पान, जिथं आपलं नाव निवडून आणि पासवर्ड टाकून आत शिरायचं असतं, ते यायचंच नाही. बटण दाबून बंद करा, पुन्हा चालू करा, सगळं ठीक. पुन्हा लॉग आऊट करा, पुन्हा काळोख. आणि हे एका संगणकाचं नव्हे, ओळीतल्या सगळ्यांचं.

हे कळलं ते नेमकं बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी. बाहेरगावचे परीक्षक येऊन बसले होते, त्यांच्यापुढं चहा ठेवून झाला होता, पोरं-पोरी दाराबाहेर उभ्या होत्या. खोली सांभाळणाऱ्या ताईंनी संगणक चालू केले. चालू होताच ते सगळे एका सामाईक नावानं आत गेले, जे पूर्वी कधी होत नव्हतं. परीक्षेत प्रत्येकानं आपापल्या नावानं शिरायचं असतं, नाहीतर पहिल्या तुकडीनं सोडवलेलं दुसरी तुकडी बसल्या जागी पाहणार. म्हणून ताईंनी ओळीनं सगळे संगणक लॉग आऊट केले, आणि ओळीनं सगळे काळे पडले. परीक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि पुढची तारीख कळवा म्हणून निघून गेले.

खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं हे सांगायला नको. ताई कंत्राटी. महागावकडचं माहेर, सासर इथलंच, बौद्ध वस्तीतलं. घरात पगार आणणारं दुसरं कोणी नाही. दरवर्षी शाळा-समितीच्या सभेत त्यांना पुढं ठेवायचं की नाही ते ठरतं, आणि ती सभा पंधरवड्यावर आली होती. त्याच दिवशी दुपारी त्यांच्या हातात मेमो पडला. हलगर्जीपणामुळे संस्थेची बदनामी झाली, खुलासा करावा. स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदम आठवलं की या बाईला कशातलं काही येत नाही. ज्यांना स्वतःच्या फोनवरचा आवाज कमी करता येत नाही, जे वर्गात शिकवताना खिशातून भक्तिगीत वाजवतात, ते हे म्हणत होते. मी ऐकत होते आणि डबा खात होते. तिथं तोंड उघडलं की अन्न गोड लागत नाही.

मग निदान करणारे जमले. बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य लिपिक, म्हणाले की हा जिनिंगचा कापूस आहे. दिग्रसमध्ये जिनिंगच्या दिवसांत हवेत कापूस उडतो हे खरं, आणि तो पंख्यात जाऊन बसतो हेही खरं. त्यांनी सगळ्या संगणकांची झाकणं काढून कापूस ओढला. चांगला ओंजळभर निघाला. तो त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन असा ठेवला की जणू ऑपरेशन करून गाठ काढली. पडदा काळाच राहिला. मग यवतमाळहून इंजिनिअर म्हणवणारा एक गृहस्थ आला. त्यानं खुर्चीवर न बसता, उभ्या उभ्या, हात न लावता सांगितलं, "हे लिनक्स-बिनक्स काढून टाका सर. सगळं फॉरमॅट मारा." फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं, आणि परीक्षेची सगळी तयारी त्याच संगणकांत होती. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, मग मी काय करू? एवढं बोलून तो नाश्ता करून गेला. त्याच्यानंतर दारावर तो कागद लागला. आमच्याकडे याला तोडगा म्हणतात.

मी मध्ये पडले ती दयेपोटी नव्हे. मला राग आला होता. माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी बरीच वर्षं विंडोजऐवजी हाच लिनक्स वापरते, तो मला विचारल्याशिवाय काही करत नाही, आणि हा गुण मला माणसांत क्वचित भेटला आहे. कोणीही उठून त्याला नावं ठेवावीत हे मला सहन होईना. एका मोकळ्या तासाला मी संगणक खोलीत गेले. ताई एकट्याच बसल्या होत्या. समोर मेमो, त्याच्यावर कोरा कागद, आणि पेन टोपणात.

"खुलासा लिहून राह्यल्या काय?" मी विचारलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडी इथली बोली आपोआप येते.

"कायचा लिहू मॅडम? मी लॉग आऊट केलं. मंग अजून काय करतात त्याले? सगळे म्हणतात हिनं बिघडवलं. काहून बिघडवीन मी? याच्यावरच तर माह्यं पोट हाय."

"चला, पाहू."

मी एक संगणक लॉग आऊट केला. काळोख. ताईंनी सवयीनं बटणाकडं हात नेला, तो मी धरला. बटण दाबलं की पुरावा जातो. त्याऐवजी तीन कळा एकत्र दाबून पडद्यामागच्या साध्या अक्षरांच्या खोलीत गेले. लिनक्समध्ये अशा खोल्या असतात, चित्र नाही, रंग नाही, नुसती काळ्यावर पांढरी अक्षरं. ती लगेच उघडली आणि नाव विचारू लागली. म्हणजे यंत्र मेलं नव्हतं, चांगलं जागं होतं. मुख्य पासवर्ड ताईंना ठाऊक होता, बाबूंना होता, फाटकावरच्या शिपायालाही असावा. कॉलेजचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन.

मग मी विचार केला, आणि हे त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कोणी करत होतं. चालू करताना अडत नाही, लॉग आऊट करताना अडतं. दोन्हींत फरक काय? लॉग आऊट झाल्यावर नाव विचारणारं पान यावं लागतं. आणि चालू करताना? चालू करताना हल्ली ते पान येतच नव्हतं, यंत्र सरळ सामाईक नावानं आत शिरत होतं. म्हणजे कोणीतरी ते पान मधून गाळलं होतं. आजारी होतं ते फक्त ते पान. बाकी शरीर ठणठणीत.

"हे सरळ आत जाणं कधीपासून हाय?" मी विचारलं.

ताईंनी आठवून सांगितलं. "गॅदरिंगच्या आधी नव्हतं जी. मंग गॅदरिंगचे कपडे या खोलीत ठेवलते, कुलूप होतं. चाबी बाबूजवळ होती. परीक्षेच्या दिवशीच उघडलं मी."

मी ते पान मुद्दाम पुन्हा सुरू करायला लावलं आणि त्या अक्षरांच्या खोलीतून त्याच्यावर नजर ठेवली. कोणता कार्यक्रम किती मेमरी खातो ते तिथं आकड्यांत दिसतं. पान उठलं आणि खायला लागलं. खात गेलं, खात गेलं, संगणकात होती नव्हती ती सगळी मेमरी गिळली, आणि शेवटी यंत्रानंच त्याचा गळा धरून ते बंद केलं. पुन्हा उठलं, पुन्हा तेच. नाव विचारायच्या एका पानाला एवढी भूक कशाची? मी त्याच्या सेटिंगची फाईल उघडली. पार्श्वभूमीला म्हणून एक चित्र लावलेलं होतं. चित्राचं नाव होतं 'भाऊ वाढदिवस फायनल फायनल वीस बाय दहा'.

भाऊ म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. आणि वीस बाय दहा म्हणजे फूट. ते चित्र नव्हतं, बस स्टँडसमोरच्या चौकात लावायचा फ्लेक्स होता. छपाईत चेहरा फुटू नये म्हणून फ्लेक्सवाले फाईल अशी अगडबंब करतात. तीच फाईल जशीच्या तशी प्रत्येक संगणकाच्या नाव विचारायच्या पानावर बसवली होती. या जुन्या यंत्रांची मेमरी एवढीशी, तिच्यात तो फ्लेक्स उलगडायचा म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये चौक आणून बसवण्यासारखं होतं.

ताई माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. "अय्यो," त्या म्हणाल्या. "मले मालूम हाय हे. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बाबू कुलूप काढून फ्लेक्सवाल्याले आत घेऊन गेलते. म्हणे कॉम्पुटर चालू केल्याबरोबर भाऊ दिसले पाह्यजे."

पुढचं मी बाबूंच्याच तोंडून नंतर काढलं. चित्र बसवून त्यांनी संगणक चालू केला तर भाऊ दिसण्याऐवजी काळोख झाला. तिथं कोणाही शहाण्या माणसानं चित्र काढून टाकलं असतं. पण भाऊंचा फोटो लावायला हात पुढं येतात, काढायला येत नाहीत. मग फ्लेक्सवाल्यानं फोनवर कोणाला तरी विचारून तोडगा काढला. ते पानच गाळून टाकलं. संगणक चालू झाला, थेट आत गेला, बाबू खूश. ज्या फोटोसाठी हा खटाटोप केला तो आता कोणालाच कधी दिसणार नव्हता, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं असतं तरी चाललं असतं. लावला, एवढं सांगता आलं म्हणजे पुरे होतं.

मी तो फ्लेक्स पेनड्राइव्हवर घेतला आणि घरी लॅपटॉपवर कसाबसा उघडला. मधोमध भाऊ, हात जोडलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी पुन्हा भाऊ, कानाला फोन. मागं वाघ. खाली तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग, त्यावर 'शुभेच्छुक'. रांगेत आमचे प्राचार्य होते, बडे बाबू होते, आणि ज्यांना मी विद्वान समजत होते असे दोन प्राध्यापक होते. केस काळे करून काढलेले फोटो. मला किळस आली, हे लपवत नाही.

त्या दिवशी खोलीत आम्ही चित्राच्या जागी साधा निळा रंग टाकला आणि लॉग आऊट केलं. पान झटकन आलं. सगळ्या पोरापोरींची नावं, एकाखाली एक. ताईंनी तोंडाला पदर लावला आणि हसत सुटल्या. हसता हसता थांबल्या.

"पण मॅडम, हे सांगान कोणाले?"

मी म्हटलं, सगळ्यांना सांगेन. मी समितीवर शिक्षकांची प्रतिनिधी होते. आजवर त्या खुर्चीचा मला चिवड्याशिवाय काही उपयोग झाला नव्हता.

आधी प्राचार्यांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एकच गोष्ट उचलली. "म्हणजे भाऊंचा फोटो तुम्ही काढला?"

"फोटोमुळं परीक्षा बुडाली सर."

"ते टेक्निकल झालं. पण फोटो काढला म्हणता तुम्ही. अहो, कोणी सांगितलं त्यांना तर?" त्यांच्या कपाळावर खरोखर घाम होता. "तो परत लावा आधी. आणि दुरुस्त झालं ना? मग सभेत विषय कायले काढता?"

"ताईंना मेमो दिला आहे तुम्ही."

"मेमोचं काय, मेमो देतच असतात."

फोटो लहान करून लावला तर पान बिघडणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते जरा सैल झाले. "मग तसंच करा," म्हणाले, "मात्र चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे." या माणसाच्या हाताखाली मी वर्षानुवर्षं हजेरी लावली याची मला त्या क्षणी लाज वाटली.

सभेच्या दिवशी भाऊ उशिरा आले. ते येईपर्यंत कोणी चिवड्याला हात लावत नाही. ताईंचा विषय शेवटी होता. प्राचार्यांनी वाचलं की संगणक कक्षातील कर्मचाऱ्यानं परीक्षेत गोंधळ केल्यानं मुदतवाढ न देण्याचा प्रस्ताव आहे. म्हणजे मी सगळं सांगूनही त्यांनी तो खोडला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. बाईंची चूक नाही. संगणक भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समुळे बंद पडत होते, हे दाखवू शकते, आणि तो फ्लेक्स कोणी बसवला तेही.

बाबू टेबलावरची टाचणी पाहू लागले. प्राचार्य म्हणाले, मला याबद्दल काही कल्पना नव्हती. फ्लेक्सवर खालच्या रांगेत डावीकडून तिसरा चेहरा त्यांचाच होता. मी तसं म्हणालेही. शुभेच्छुक म्हणून मिरवायला सगळे होते, फोटो बसवायला कोणीच नव्हतं.

भाऊ इतका वेळ फोनवर बोट फिरवत होते. त्यांनी मान वर केली. मला वाटलं आता भडका उडेल, आणि मी त्याला तयार होते.

"मंग आता दिसते का?" ते म्हणाले.

"काय?"

"फोटो. आता दिसते का तिथं?"

मी म्हटलं, लहान केला तर दिसेल.

"मंग करा ना लहान." पुन्हा फोन. "आन् त्या बाईचं काय म्हणत होते?"

प्राचार्य लगबगीनं म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, भाऊ."

"राहू द्या ना. कायले काढता?"

झालं. पंधरा दिवस एका बाईच्या घशाखाली घास उतरला नव्हता, त्याचा निकाल मान वर न करता लागला. त्या माणसाला हा विषय ठाऊकही नव्हता. त्याच्या भीतीनं सगळे कापत होते, आणि तो आपल्याच फोनमध्ये होता. लगेच चिवडा फिरला. प्राचार्य मला म्हणाले, "पाहा मॅडम, भाऊंचं मन किती मोठं." मी बशी घेतली नाही. तेवढाच माझा निषेध, आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही.

बाहेर ताई पायरीवर बसल्या होत्या. मी सांगितलं, राहिलात तुम्ही. जिंकल्याच्या आनंदात सांगितलं. त्या उठल्या, हात जोडले, आणि विचारलं, "मेमो?"

मेमो फाईलला होता. प्राचार्य म्हणाले, राहू द्या फाईलला, कोण पाहते. पुढच्या वर्षी कोणाला काढावंसं वाटलं की तोच पहिला बाहेर येईल हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी प्राचार्यांशी दोनदा बोलले, मग परीक्षेची नवी तारीख आली आणि मी पेपर तपासण्यात गुंतले. माझ्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक पुन्हा आले, चहा पुन्हा झाला. पोरं-पोरी दाराबाहेर. खोलीला कुलूप, आणि कुलपासमोर ताई उभ्या, चाबी मुठीत. प्राचार्य समोर.

"उघडा ना ताई," ते म्हणत होते. "पाहुणे थांबले."

"उघडतो ना सर. मेमो मांगं घ्या, तसं लिहून द्या. मंग उघडतो."

"आत्ता? ही काय वेळ आहे?"

"तुमी देल्ला थो बी असाच टाइम होता. सगळ्याईसमोर देल्ला होता."

आवाज चढलेला नव्हता. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. प्राचार्य माझ्याकडं वळले, म्हणाले, तुम्ही समजवा. मी म्हटलं, मला समजलं आहे, तुम्हीच राहिलात. ते तणतणत ऑफिसात गेले आणि सहीशिक्क्याचा कागद घेऊन आले. ताईंनी तो पूर्ण वाचला. एका ठिकाणी 'तूर्त' असं लिहिलं होतं, तो शब्द त्यांनी खोडून घेतला, खोडल्यावर सही करून घेतली. मग कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि कुलूप काढलं. त्या क्षणी मला माझ्या सभेतल्या भाषणाचीही फारशी किंमत वाटेना.

दारावरचा तो कागद त्यांनी आत जाता जाता फाडला. संगणक चालू केले. ओळीनं सगळे लॉग आऊट केले. आणि ओळीनं सगळ्या पडद्यांवर, हात जोडून, काळा चष्मा लावून, भाऊ उगवले. लहान केलेले, स्पष्ट, वाघासकट. त्यांच्या छातीवर पोरांच्या नावांची यादी. पोरं-पोरी आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. काही जण खुसखुसले, एकानं सवयीनं नमस्कार केला. बाबू दारातून डोकावून धन्य होऊन पाहत होते.

ताईंनी टाळी वाजवली.

"चला, बसा लवकर. भाऊकडं पाहू नका. आपलं आपलं नाव शोधा."